काढा आणि फांट : करवीर भागातील चहाच्या रीतीचा इतिहास

कोल्हापुरात घरी आलेल्या पाहुण्यास "बसा, च्या टाकतो" असे म्हणण्याची रीत आहे. ह्या साध्या वाक्यातील 'टाकणे' हे क्रियापद विचार करण्यासारखे आहे. भात टाकतात, पिठले टाकतात, तसाच चहा टाकतात. म्हणजे चहा ही चुलीवर शिजवावयाची वस्तू आहे, हे बोलणाऱ्याने गृहीतच धरलेले असते. ह्याउलट उत्तम प्रतीच्या अख्ख्या पानाचा चहा ज्यांच्या परिचयाचा आहे ते सांगतात की, तो मुळीच शिजवू नये. उकळलेले पाणी पानावर ओतावे, भांडे झाकावे, काही मिनिटे मुरू द्यावे आणि गाळून घ्यावे. ह्या दुसऱ्या कृतीसाठी आपल्या बोलीत चहापुरते असे रूढ क्रियापद नाही. एकाच पानापासून पेय सिद्ध करण्याच्या दोन रीती असता त्यांपैकी एक आपल्या घरात आणि भाषेत इतकी खोल रुजली, आणि दुसरी दाराशीच राहिली, असे का झाले, ह्याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या प्रश्नाचे एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. आपल्या लोकांस चहा करता येत नाही, आपण त्याचा काढा करतो, असे ते उत्तर. ह्यातील दुसरे विधान खरे आहे. पहिले त्यावरून सिद्ध होत नाही. करवीर संस्थानात चहाचे पान पिकविण्याचा प्रयत्न एके काळी झाला होता, आणि ह्याच नगरीत चहाच्या एका लहानशा दुकानाने जातिव्यवस्थेसमोर मोठा प्रश्न उभा केला होता. ह्या दोन गोष्टी दृष्टीआड करून येथील चहाच्या रीतीस अज्ञान म्हणणे इतिहासास धरून होणार नाही.

१. शब्दाची वाट

'चहा' हा शब्द मूळचा चिनी. चिनी भाषासमूहात ह्या वस्तूस दोन प्रमुख उच्चार आढळतात. बहुतेक चिनी बोलींत 'चा' आणि फूच्येन प्रांताच्या किनाऱ्यावरील मिन बोलींत 'ते'. डच व्यापाऱ्यांचा संबंध ह्या दुसऱ्या बोलीशी आला, म्हणून डच, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन ह्या भाषांत 'ते'पासून निघालेली रूपे रुजली. मकाव येथे ठाणे असलेल्या पोर्तुगिजांनी 'चा' उचलला. आणि खुष्कीच्या मार्गाने फारसी, तुर्की व रशियन भाषांत 'चाय' गेला. आपला शब्द 'चा'च्या कुळातील आहे, हे उघडच आहे. गुजराती व बंगाली भाषांत नुसता 'चा' आहे. पंजाबीतील 'चाह' आणि मराठीतील 'चहा' ह्यांत मात्र हकार आलेला दिसतो. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगिजांची वस्ती आणि दरबारी व्यवहारात फारसीचा वावर असल्यामुळे, मराठीच्या दाराशी हा शब्द समुद्राकडून व उत्तरेकडून अशा दोन्ही वाटांनी येण्यासारखा होता.

मराठीच्या व्याकरणाने ह्या पाहुण्याशी कसे वर्तन केले तेही पाहण्यासारखे आहे. आकारान्त पुल्लिंगी नामांचे सामान्यरूप सहसा याकारान्त होते; काढा–काढ्याचा, ओढा–ओढ्याचा. चहाचे मात्र 'चह्याचा' असे न होता 'चहाचा' असेच होते. सामान्यरूपात त्याचे परकेपण टिकले. लिंगाच्या बाबतीत मात्र तो घरचा झाला. हिंदीत 'चाय' स्त्रीलिंगी, तर मराठीत 'चहा' काढ्याप्रमाणेच पुल्लिंगी आहे. कोल्हापुरी बोलीने तर 'चहा'चा 'च्या' करून त्यास एकाक्षरी करून टाकले. आणि मग "च्याच्या पाण्याचं बघा" अशा वाक्यात नाम कोठे संपते व प्रत्यय कोठे सुरू होतो हे परक्यास उमगेनासे झाले.

ह्याहून महत्त्वाची आहेत ती विशेषणे. चांगला चहा आपण 'कडक', 'फक्कड', 'दाट' असा वाखाणतो. वाईट चहास 'पाणचट' किंवा 'फुळकवणी' म्हणून हिणवतो. ही सारी विशेषणे एकाच मापाची आहेत. ती पेयाची ताकद व दाटपणा मोजतात. सुवास, वर्ण, जिभेवर मागाहून रेंगाळणारी चव ह्यांचे मोजमाप करीत नाहीत. अत्तराविषयी, हापूस आंब्याविषयी, आंबेमोहोर तांदळाविषयी बोलताना वासाचे बारकावे सांगणारी आपली भाषा चहाच्या बाबतीत केवळ बळाकडे पाहते. ह्याचा अर्थ मराठी माणसास नाक नाही असा नव्हे. जो चहा त्याच्यापर्यंत पोहोचला आणि ज्या रीतीने तो त्याने केला, त्यात परीक्षेस हाच गुण उरला होता, असा आहे.

२. दोन जुन्या संज्ञा

पाने उकळणे आणि पाने मुरवणे ह्यांतील भेद आपल्या परंपरेस अज्ञात होता काय? मुळीच नाही. आयुर्वेदाने औषधी द्रव्यांपासून रस काढण्याच्या पाच कल्पना सांगितल्या आहेत. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फाण्ट. चरकसंहितेत त्यांचा निर्देश आहे आणि शार्ङ्गधरसंहितेत त्यांची मापे दिली आहेत. क्वाथ म्हणजे आपला काढा. कुटलेल्या द्रव्यात सोळापट पाणी घालून, आठवा हिस्सा उरेपर्यंत ते आटवावयाचे. फाण्टाची रीत वेगळी आहे. कुटलेल्या द्रव्यावर चौपट ऊन पाणी ओतावयाचे, ते तसेच ठेवावयाचे आणि वस्त्रातून गाळून घ्यावयाचे. कठीण साली, मुळ्या, काष्ठे ह्यांचा अर्क अग्नीवाचून उतरत नाही. कोवळी पाने, फुले, सुगंधी द्रव्ये मात्र आटवली असता त्यांतील सत्त्व वाफेबरोबर निघून जाते. द्रव्याच्या प्रकृतीप्रमाणे अग्नी द्यावा वा देऊ नये, हा ह्या दोन कल्पनांमागील विवेक आहे.

म्हणजे किटलीत पान घालून वर उकळते पाणी ओतण्याची जी रीत आपण इंग्रजी म्हणून ओळखतो, तिला आपल्याकडे शेकडो वर्षे नाव होते. चहा हा फांट होय, असे म्हणण्यास भाषेची आडकाठी नव्हती. परंतु 'काढा' हा शब्द घराघरांत, आजीबाईच्या बटव्यात राहिला, आणि 'फांट' वैद्यांच्या पोथीत राहिला. नवी वस्तू आली की भाषा तिला आपल्या घरातील ओळखीच्या वस्तूशेजारी बसविते. चहा काढ्याशेजारी जाऊन बसला. सुंठ, आले, गवती चहा, तुळस ही काढ्याची मंडळी त्याच्या पातेल्यात आपोआप आली. आणि 'गवती चहा' ह्या नावात तर परदेशी शब्दाने देशी वनस्पतीवर आपला शिक्का उमटविला.

येथे चीनकडे थोडे पाहिले असता आपल्यावरील अज्ञानाचा आरोप बराच सौम्य होतो. आठव्या शतकात लू यू ह्या लेखकाने चहावरील पहिला मोठा ग्रंथ लिहिला. त्या काळी चिनी लोक चहा उकळूनच पीत. खुद्द लू यू मीठ घालून उकळलेला चहा सांगतो. आणि जे लोक कांद्याची पात, आले, संत्र्याची साल, पुदिना असे पदार्थ त्यात घालून शिजवितात त्यांच्यावर कडाडून टीका करतो. पुढे सुंग काळात चहाची वस्त्रगाळ पूड गरम पाण्यात घुसळून पिण्याची रीत आली. दाबलेल्या वड्यांऐवजी सुट्या पानांचाच चहा बादशाही नजराणा म्हणून द्यावा, असा हुकूम मिंग वंशाच्या पहिल्या सम्राटाने १३९१ साली काढला. आणि त्यानंतर पान मुरवून पिण्याची रीत सार्वत्रिक झाली. तात्पर्य, चहाच्या मायदेशीही फांट हा काढ्याच्या नंतर आला. रीत ही पानाच्या रूपाबरोबर बदलते, हा ह्या इतिहासाचा धडा आहे. आणि तोच आपल्याकडील घटनांस लावून पाहावयाचा आहे.

३. पानाआधी पाणी

महाराष्ट्रात चहाविषयीचा पहिला गाजलेला वाद पानाच्या प्रतीवरून झाला नाही, तो पाण्यावरून झाला. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता पेल्यास हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात प्रसिद्ध करविली, आणि त्यांत न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशी नावे असल्यामुळे मोठे ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांकडे गेले, त्यांनी नेमलेल्या शास्त्र्यांपुढे चौकशी झाली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे मांडले आणि रानडे यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले.

ह्या वादात चहाच्या पानास कोणीही अपवित्र म्हटले नव्हते. वाळलेले पान दुकानातून आणून घरी उकळून पिण्यास सोवळ्या माणसाचीही फारशी हरकत नसे. आक्षेप होता तो परधर्मीयाच्या हातच्या पाण्यास. पाण्यावाचून चहा होत नाही, आणि आपल्या समाजात पाणी हे केवळ पाणी कधीच नव्हते. ते कोणाच्या हातचे, कोणत्या हौदातले, कोणत्या भांड्यातले हे पाहिल्यावाचून ओठास लागत नसे. चहाची परीक्षा करताना जाणकार प्रथम पाण्याविषयी विचारतात. आपल्याकडेही प्रथम पाण्याविषयीच विचारले गेले, परंतु तो प्रश्न चवीचा नव्हता.

पुण्यात हे चालले असतानाच, १८९१ साली, मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली. जी वस्तू आतापर्यंत साहेबांच्या बंगल्यात आणि थोड्या सरदार घराण्यांत होती, ती बाजारपेठेत येण्याचा मार्ग ह्याने मोकळा झाला.

४. पन्हाळ्याचे पान

१८९४ साली राजर्षी शाहू छत्रपती यांनी राज्यकारभार हाती घेतला. १८९५ साली वसविलेली शाहूपुरीची गुळाची पेठ, राधानगरीचे धरण अशी त्यांची मोठी कामे सर्वांस ठाऊक आहेत. संस्थानच्या डोंगरी मुलखात नवी पिके घेऊन पाहण्याचे त्यांचे प्रयोग तितके परिचित नाहीत. त्यांपैकी एक म्हणजे पन्हाळ्याच्या परिसरातील चहा व कॉफी यांची लागवड. तेथील चहा 'पन्हाळा टी नंबर ४' ह्या नावाने ओळखला जात असे.

ह्या प्रयोगामागील धाडस समजण्यास चहाच्या झाडाचा स्वभाव ठाऊक असला पाहिजे. त्यास आम्ल जमीन लागते, उतार लागतो म्हणजे मुळाशी पाणी साचत नाही, आणि हवेत ओलावा लागतो. सुमारे तीन हजार फूट उंचीवरील पन्हाळ्याची जांभ्याची माती आणि पावसाळी धुके ह्या अटी पुऱ्या करतात. परंतु चहास पाऊस वर्षभर वाटून पडलेला हवा. आणि आपला सह्याद्रीचा पाऊस चार महिने कोसळतो व पुढे आठ महिने पाठ फिरवितो. आसाम, दार्जिलिंग आणि निलगिरी ह्या प्रदेशांस जे निसर्गाने दिले, ते पन्हाळ्यास मेहनतीने मिळवावे लागणार होते.

शिवाय चहाचे पान खुडले म्हणजे चहा होत नाही. दोन कोवळी पाने व एक कळी एवढेच खुडावयाचे. ते सुकत घालून मऊ करावयाचे. मग वळावयाचे, म्हणजे पानातील रस बाहेर येऊन हवेशी त्याचा संयोग होतो व पान तांबूस होऊ लागते. आणि नेमक्या क्षणी ऊन हवेने ते वाळवून ही क्रिया थांबवावयाची. थोडे आधी थांबविले तर पान हिरवट राहते, थोडे उशिरा थांबविले तर सुवास हरपतो. असे वळलेले अख्खे पान हेच ज्यास आपण उत्तम प्रतीचा चहा म्हणतो ते होय. वळताना मोडलेले तुकडे, त्याहून लहान कण आणि शेवटी चाळणीखाली पडणारी भुकटी, अशा उतरत्या प्रती त्यातूनच निघतात.

पन्हाळ्याचा चहा टिकला नाही. आज तेथे चहाचे मळे नाहीत. तो टिकता तर काय झाले असते हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने सहसा विचारू नये. परंतु एवढे म्हणता येईल की, ज्या प्रदेशात पान पिकते त्या प्रदेशात पानाची भाषा जन्मते. पहिली तोड, दुसरी तोड, पावसाळी तोड ह्यांचे भेद तेथील लोकांस कळतात. ऊसतोड, गुऱ्हाळ, काहील आणि ढेप ह्यांविषयी आपल्या भागात जी शब्दसंपत्ती आहे तिच्यावरून हे सहज ध्यानात येईल. चहा आपल्याकडे पान म्हणून राहिला नाही. तो खोक्यातून, पूड होऊन आला. म्हणून आपल्या बाजारात 'सुटा चहा' ह्या शब्दाचा अर्थही 'अख्खे पान' असा न होता 'वजनावर मिळणारी पूड' असा झाला आहे.

५. भाऊसिंगजी रस्त्यावरील दुकान

गंगाराम कांबळे हे संस्थानच्या चाकरीत होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेल्या ह्या गृहस्थांचा पाण्यास स्पर्श झाला म्हणून इतर नोकरांनी त्यांना मारहाण केली. महाराजांच्या कानी ही गोष्ट गेली तेव्हा त्यांनी अपराध्यांस तर फैलावर घेतलेच. शिवाय गंगाराम यांना चाकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंद्यासाठी साहाय्य दिले. त्या साहाय्यावर गंगाराम यांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान घातले.

दुकान उघडले, परंतु स्पृश्य गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी तेथे थांबवून चहा मागवू लागले. ते स्वतः पीत आणि बरोबरच्या मंडळींसही पाजीत. छत्रपतींनी घेतलेला कप नाकारण्याचे धैर्य कोणास होणार? १९१९ साली महाराजांनी शाळा, दवाखाने, धर्मशाळा, पाणवठे अशा सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नेतृत्व जाहीरपणे गौरविले. ह्या मोठ्या घटनांच्या मालिकेत चहाच्या एका कपाची गोष्ट लहान वाटेल. पण हुकूम कागदावर राहू शकतो. घोट घशाखाली उतरावा लागतो. पुण्याच्या पंचहौद प्रकरणात ज्या घोटासाठी प्रायश्चित्त सांगितले गेले, तोच घोट येथे राजाने भर रस्त्यात, उघड्यावर घेऊन दाखविला.

चहाच्या रीतीच्या दृष्टीने ह्या घटनेकडे पाहिले असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. फांटाचा चहा हा निवांत बैठकीचा चहा आहे. त्यास वेगळी किटली हवी, झाकून ठेवण्यास अवधी हवा, मेज हवे, आणि पाहुणे मोजके हवेत. रस्त्यावरील दुकानास हे परवडत नाही. तेथे एक मोठे पातेले सतत चुलीवर असते, त्यातून फडक्याने गाळलेला चहा किटलीत पडतो आणि किटलीतून येईल त्याच्या कपात. काढ्याच्या ह्या रीतीत सर्वांचा चहा एकच असतो. मालकासाठी वेगळा आणि हमालासाठी वेगळा असा तो करता येत नाही. अर्थात समाजाने त्यावरही तोड काढली. महाराष्ट्रातील कित्येक हॉटेलांत पुढे अनेक वर्षे अस्पृश्यांसाठी कान तुटलेली कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असे आणि ती पिणाऱ्यानेच धुवावयाची असे. पातेले एक आणि कपबश्या दोन, अशी ही विसंगती होती. म्हणून उकळलेल्या चहाने समता आणली असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. समतेचा प्रश्न रोज, भर चौकात, दोन पैशांच्या वस्तूवरून उपस्थित होऊ लागला, एवढे मात्र त्याने केले.

६. प्रचार आणि पूड

हिंदी लोकांस चहा पिण्यास शिकवावे म्हणून मळेवाल्यांनी केलेले प्रयत्न ह्याच काळातील आहेत. १९०३ साली चहावरील कराचा कायदा झाला व त्या करातून प्रचाराचा खर्च होऊ लागला. १९३० नंतरच्या मंदीत परदेशी मागणी घटली तेव्हा ह्या प्रचारास विशेष जोर आला. १९३७ साली त्यासाठी बाजारवाढीचे स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. रेल्वे स्थानकांवर देशी भाषांतील मुलाम्याच्या पाट्या लागल्या, प्रचारक घरोघर जाऊन चहा करून दाखवू लागले. त्यांची शिकवण फांटाची होती. ताजे पाणी उकळा, किटली ऊन करून घ्या, माणशी एक चमचा चहा घाला, पाच मिनिटे झाकून ठेवा, दूध व साखर मागाहून घाला.

लोकांनी चहा घेतला. शिकवण घेतली नाही. ह्याची कारणे हट्टात नसून हिशोबात आहेत. एक तर स्वस्त मिळे ती पूड. पूड पाण्यात पडताच रंग सोडते, आणि उकळली म्हणजे तिच्यातील कण न् कण वसूल होतो. गरिबाच्या घरी चोथा दुसऱ्यांदाही उकळला जाई. दुसरे, चहा अधिक उकळला म्हणजे त्यातील तुरट द्रव्ये भराभर उतरतात. दुधातील केसीन हे प्रथिन त्या द्रव्यांस बांधून ठेवते आणि तुरटपणा मवाळ होतो. म्हणून काढ्याच्या चहास दूध ही चैन नसून गरज आहे. तिसरे, आपल्या भागात गूळ मुबलक. गुळाचा चहा करताना दूध आधी घातले तर ते फाटते, म्हणून गुळाचे पाणी व पूड प्रथम चांगली उकळून घेऊन, भांडे उतरवून मगच ऊन दूध घालण्याची युक्ती येथील गृहिणींनी बसविली. ही युक्ती कोणत्याही पाटीवर लिहिलेली नव्हती. १९४२ साली लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात गांधीजींनी चहातील टॅनिनवर आक्षेप घेतला. आपल्या तालमींतील वस्तादांचाही दुधावर वाढणाऱ्या पोरांनी चहा पिण्यास विरोध होता. पण दूध-गुळाच्या चहाने त्या विरोधालाही अर्ध्या वाटेवर गाठले.

यंत्रानेही काढ्याचीच बाजू घेतली. १९३० च्या सुमारास आसामात पान चिरडून, फाडून, वळून त्याचे गोल दाणे करणारे 'सीटीसी' यंत्र निघाले. ह्या दाणेदार चहास आपल्याकडे व्यापारी 'ममरी' म्हणतात. तो झटपट उतरतो, गडद होतो, दुधात दबत नाही, आणि थोड्या वजनात अधिक कप देतो. स्वातंत्र्यानंतर त्याचा प्रसार झपाट्याने झाला आणि आज भारतात होणारा बहुतांश चहा ह्याच जातीचा आहे. १९६३ साली कोल्हापूर जिल्ह्याचा सहकारी दूध संघ स्थापन झाल्यावर गावोगावच्या दुधास बाजारपेठ मिळाली. ममरी, दूध आणि गूळ वा साखर ह्या त्रयीने आजचा कोल्हापुरी चहा सिद्ध झाला. त्याचे द्रव्य काढ्याचे आहे, म्हणून त्याची रीतही काढ्याची आहे. आणि त्या द्रव्यापुरती ती बरोबर आहे.

७. पानास न्याय

चूक होते ती द्रव्य बदलले तरी रीत न बदलल्याने. प्रस्तुत लेखकाच्या घरी एकदा दार्जिलिंगचे उत्तम पान आले. ते नेहमीच्या सवयीने आधणात टाकून, दूध-साखर घालून उकळले गेले. चहा ना कडक झाला ना सुवासिक. पाहुण्यांनी त्यास 'फुळकवणी' म्हटले आणि ते खरेच होते. दुसऱ्या दिवशी तेच पान मुरवून, दुधावाचून घेतले तेव्हा त्याच मंडळींनी वास घेत घेत कप संपविला. पानात दोष नव्हता. फांटाच्या द्रव्याचा आपण काढा केला होता.

कृती सोपी आहे. ताजे पाणी घ्यावे. पुन्हा पुन्हा उकळलेले पाणी बेचव होते. कोल्हापूर सुमारे साडेअठराशे फुटांवर असल्यामुळे येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. काळ्या चहाच्या पानास हे योग्यच आहे. चिनी मातीची किटली गरम पाण्याने विसळून घ्यावी, म्हणजे ओतलेले पाणी लगेच निवत नाही. एका कपास, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर पाण्यास, दोन ते अडीच ग्रॅम पान पुरते. येथे चमच्यावर विसंबू नये, कारण अख्खे पान हलके व फुगीर असते. पुडीचा एक चमचा व पानाचा एक चमचा ह्यांचे वजन सारखे नसते. पाणी उकळताच पानावर ओतून झाकावे. दार्जिलिंगच्या वसंतातील पहिल्या तोडीस तीन मिनिटे, आसाम वा निलगिरीच्या पानास चार ते पाच मिनिटे द्यावीत. हिरव्या चहास ७५ ते ८० अंशांचेच पाणी हवे, अन्यथा तो कडवट होतो. पानास उलगडण्यास मोकळी जागा असावी. लहान जाळीच्या डबीत कोंबलेले पान पुरते उलगडत नाही. वेळ झाली की सर्व चहा गाळून घ्यावा, पान पाण्यात ठेवू नये. कारण सुवास व तरतरी देणारी द्रव्ये आधी उतरतात आणि तुरट द्रव्ये सावकाश मागाहून येतात. चांगले पान असल्यास दुसऱ्यांदाही पाणी घालता येते, आणि दुसरा कप पुष्कळदा अधिक मधुर निघतो. चहा घट्ट हवा असल्यास पान वाढवावे, वेळ वाढवू नये. साठवणीत पानास ओल, ऊन आणि मसाल्याचा वास ह्यांपासून जपावे. घट्ट झाकणाचा डबा कांदा-लसणीच्या फडताळात ठेवणे म्हणजे पैसे देऊन आणलेला सुवास घालविणे होय.

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. करवीर भागात चहा काढा झाला तो येथील लोकांस फांट ठाऊक नव्हता म्हणून नव्हे. पान येथे पिकून टिकले नाही. बाजारात आली ती पूड आणि मागाहून ममरी. घरात होते ते दूध आणि गूळ. आणि चहा सर्वांचा झाला तो मेजावर नव्हे तर रस्त्यावरील दुकानात, जेथे एकाच पातेल्यातून सर्वांस ओतावयाचे होते. म्हणून उत्तम पानाचा रसिक जेव्हा उकळलेल्या चहाकडे तुच्छतेने पाहतो, तेव्हा तो गंगाराम कांबळे यांच्या दुकानापासून सुरू होणारा एक मोठा इतिहास विसरतो. आणि कडक चहाचा अभिमानी जेव्हा मुरविलेल्या चहास फुळकवणी म्हणतो, तेव्हा तो आपल्याच वैद्यांनी सांगितलेला विवेक विसरतो.

एक विनंती करून हे टिपण संपवितो. चहाभोवती जमलेली बोलीतील शब्दसंपत्ती अद्याप कोणत्याही कोशात पुरेशी नोंदली गेलेली नाही. आधण, चोथा, फुळकवणी, कोरा चहा, गुळाचा चहा, फडक्याचा चहा ह्यांसारखे शब्द, त्यांचे गावोगावचे उच्चार आणि ते कोण कोणास कोणत्या प्रसंगी वापरतो ह्यांची टिपणे आपल्या विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्या मंडळींकडून करून घ्यावीत. कोणत्या घरी कोणाचा कप कोठे ठेवला जात असे, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. ते सांगू शकणारी पिढी आता फार वयोवृद्ध झाली आहे.